मावशींचं देणं

अण्णा देगलूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. कुणी किती उचल घेतली, कुणाची तूर काट्यावर यायची राहिली, कुणाचं व्याज तटलं, हे त्यांना वही न उघडता सांगता यायचं. स्वतःच्या नावावर त्यांनी उधारी कधी ठेवली नाही. त्यांच्या आजारपणात आमच्या घरावर जे देणं चढलं ते मात्र रुपयांत मांडता येणारं नव्हतं, आणि ज्यांचं चढलं त्यांनी ते कधी मागितलंही नाही.

त्या बाई गावातल्याच एका छोट्या खासगी दवाखान्यात कामाला होत्या. नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. तसंही तिथं त्यांना नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. बेडपॅन देणारी, चादरी बदलणारी, पेशंटला कुशीवर वळवणारी बाई ती मावशी आणि तेच काम करणारा पुरुष तो मामा, ही आपल्या दवाखान्यांची जुनी रीत. डॉक्टर राऊंडला येऊन जातात, सिस्टर सलाईन लावून जातात. आजारी माणसाच्या अंगाला दिवसभर हात लागतो तो मावशी-मामांचाच. या मावशी अंगानं किडकिडीत, बुटक्या, पदर कायम कमरेला खोचलेला. त्यांच्याकडं बघून कुणालाही वाटावं, यांच्यानं काय माणूस उचलला जाणार?

अण्णांची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेली होती. नांदेडला जीव वाचला आणि पुढची देखभाल घराजवळ व्हावी म्हणून नायगाव-नर्सीमार्गे आम्ही त्यांना गावी, याच दवाखान्यात आणलं. दांडगं शरीर, वजन सत्तरच्या वर. निम्मं अंग त्यांचं, निम्मं कुणाचंच नाही. त्यांना खाटेवरून चाकाच्या खुर्चीत बसवायचं होतं. मोंढ्यातले एक हमाल अण्णांचे जुने स्नेही, भेटायला आले होते. क्विंटलाचं पोतं पाठीवर घेऊन थप्पीवर चढणारा माणूस. “मुनीमजी, चला, मी बसवतो,” म्हणत त्यांनी अण्णांच्या काखांत हात घातले.

“थांबा दादा,” मावशी दारातूनच म्हणाल्या. “पोतं उचलायलाव का काय? पोत्याला भ्याव वाटत न्हाई. आन् पोत्याचा खांदा बी निखळत न्हाई.”

अर्धांगात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात आणि हाताच्या वजनानंच सांधा खोबणीतून खाली ओघळतो. अशा माणसाला हात धरून ओढलं किंवा काखेत हात घालून वर खेचलं की खांदा कायमचा दुखरा होऊन बसतो. मावशींनी हे असल्या शब्दांत सांगितलं नाही. त्यांनी अण्णांचा उजवा हात अलगद उचलून पोटावर ठेवला आणि “ह्याला कुनी धरायचं न्हाई” एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी जे केलं त्यात घाई नव्हती. आधी लघवीची पिशवी खाटेच्या कडीतून सोडवून खुर्चीला अडकवली, पण कमरेपेक्षा खालीच. पिशवी तिकडं राहिली आणि माणूस इकडं आला म्हणजे काय होतं ते त्यांनी पाहिलेलं होतं. खुर्ची अण्णांच्या डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला तिरपी लावली. दोन्ही ब्रेक ओढले, पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचलल्या. अण्णांना कुशीवर घेऊन पाय खाली सोडले आणि खाटेच्या काठावर बसवलं. लगेच उभं केलं नाही. झोपलेला माणूस एकदम उठला तर रक्तदाब उतरून भोवळ येते. डोळे स्थिर झाले तसे पाय जमिनीवर सपाट टेकवून टाचा मागं घेतल्या. स्वतःचा गुडघा त्यांच्या लुळ्या गुडघ्याला लावला, म्हणजे तो दुमडू नये. “अण्णा, पुढं वाका. नाक पायाच्या बोटांच्या पुढं येऊ द्या. डाव्या पायावर जोर. एक, दोन, तीन.” अण्णा पुढं झुकले तसं बूड आपसूक खाटेवरून सुटलं. मावशींनी त्यांना उचललंच नाही, फक्त वळवलं.

हमाल बघत राहिले. म्हणाले, “गुडघ्यात वाकायचं, वझं अंगाजवळ ठेवायचं, हे आमचं बी हाय.” मावशी म्हणाल्या, “हाव की. पन तुमचं वझं तुमाला मदत करतंय का?” त्यांचं सगळं कसब या एका गोष्टीत होतं. आजारी माणसाच्या अंगात जेवढी ताकद शिल्लक असेल तेवढी आधी शोधायची आणि कामाला लावायची. राहिलेल्या कामापुरतेच आपले हात. त्यानं त्यांची कंबर वाचायची आणि अण्णांना आपण अजून काहीतरी करतो असं वाटायचं. अण्णांच्या चेहऱ्यावर मुनीमकीचा रुबाब थोडा परतला तो तिथून पुढं.

देगलूर तीन राज्यांच्या सांध्यावरचं गाव. एका अंगाला तेलंगण, दुसऱ्या अंगाला कर्नाटक. वॉर्डात मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी, सगळंच ऐकू यायचं. मावशी उचलायच्या आधी मोजायच्या ते पेशंटच्या भाषेत. मदनूरकडची म्हातारी असली की “ओकटि, रेंडु, मूडु”. औरादकडचा असला की “ओंदु, एरडु, मूरु”. मोजणी उचलणाऱ्या हातांसाठी असते असा माझा समज होता. मावशींच्या लेखी ती आधी पेशंटसाठी होती. आपल्याला आता हलवणार आहेत हे ज्याला कळलं तो अंग आवळून धरत नाही, कुणाच्या गळ्याला मिठी मारत नाही.

खाटेत खाली घसरलेल्या माणसाला वर घ्यायची त्यांची रीतही तशीच. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी दुहेरी घडीची आडवी चादर कायम अंगाखाली. खाटेचं डोकं आधी सपाट करायचं, दोघांनी दोन बाजूंनी चादरीच्या कडा अंगालगत गुंडाळून मुठीत धरायच्या, आणि मोजून एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत सरकवायचं. ओढाताण केली तर माकडहाडावरची कातडी गादीला घासते आणि तिथंच पुढं जखम धरते. दर दोन तासांनी कूस बदलणंही त्याच जखमेच्या धाकानं.

हे त्यांना कुणी शिकवलं असं विचारलं तेव्हा त्यांनी एका जुन्या ब्रदरचं नाव घेतलं. ते ब्रदर किल्लारीला मदतीला गेले होते. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या, हजारोंनी माणसं गेली. ज्यांच्यात जीव होता त्यांना बाजेवर, चादरीत, दाराच्या फळीवर, जसं जमेल तसं नेलं गेलं. एकानं खांद्याला, दुसऱ्यानं पायाला धरलं की मणका मोडलेला माणूस मधे लोंबतो आणि आतला मज्जारज्जू आणखी दुखावतो. म्हणून डोकं, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून चौघांनी मिळून ओंडक्यासारखं वळवायचं, आणि हुकूम चालायचा तो डोक्याशी बसलेल्याचा. ब्रदरनी ही शिस्त गावी आणली, मावशींनी उचलली, मावशींकडून ती आमच्या घरात आली. म्हणजे हे देणं एकट्या मावशींचंही नाही.

पुढं मी याबद्दल वाचू लागलो. थॉमस वॉटर्स या अमेरिकी संशोधकानं 2007 साली हिशोब मांडला होता, की सगळी परिस्थिती अनुकूल असली तरी एका परिचारिकेनं हातांनी पेशंटचा पेलायचा भार 35 पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण 16 किलोंपेक्षा, जास्त नसावा. ब्रिटननं 1992 सालीच नियम केले: टाळता येईल तिथं धोक्याची उचल टाळा, टाळता येत नसेल तर धोका कमी करा. आपल्याकडं 1969 च्या माथाडी कायद्यानं हमालांना काही हक्क मिळाले. पेशंट उचलणाऱ्या मावशीचं काम मात्र हमालीत धरत नाहीत. आडतीवर पोत्याचं वजन चोख होतं. वॉर्डात मावशींनी दिवसभरात किती किलो वळवलं, सरकवलं, सावरलं, याचा काटा कुठंच नाही.

मावशींच्या साडीखाली कंबरपट्टा असायचा, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. ब्रदर भेटण्याआधीची कितीतरी वर्षं त्यांनी माणसं नुसत्या कमरेच्या जोरावर उचलली होती. मणक्यातली गादी सरकली ती तेव्हाच. पट्ट्यानं कंबर वाचत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तो बांधायचा कारण न बांधून भागत नव्हतं. जे कसब त्यांनी आम्हाला फुकट दिलं त्याची किंमत त्या आधीच चुकती करून बसल्या होत्या.

अण्णांना घरी नेताना आईनं साडी-चोळी दिली. मावशींनी ती घेतली, कपाळाला लावली आणि लगेच विचारलं, “घरी कशावर झोपवनार?” आम्ही म्हणालो, बाजेवर. “बाज नको. माणूस मधी खड्ड्यात जातंय, तुमाला वाकून वाकून काढावं लागतंय.” रविवारी त्या घरी आल्या. लाकडी पलंगाच्या चारी पायांखाली विटा लावून तो आईच्या कमरेइतका उंच करून घेतला. अण्णांना काठावर बसवायचं तेव्हा मात्र पायाखाली लाकडी पाट हवा, म्हणजे पाय लोंबकळत नाहीत. मग आईला आणि मला आळीपाळीनं खाटेवर झोपायला लावलं आणि एकमेकांना वळवायला लावलं. आपल्याला दुसरं कुणी वळवतं तेव्हा पोटात कसा गोळा येतो, ते मला त्या पलंगावर समजलं. अण्णा पुढं काही वर्षं जगले. त्यांच्या पाठीला जखम झाली नाही, आईची कंबर शाबूत राहिली.

अण्णा गेल्यावरही मावशींचं येणं-जाणं राहिलं. एका पोळ्याला आल्या तेव्हा उंबऱ्यावर चढताना दाराची चौकट धरावी लागली. काम सुटलं होतं. डॉक्टरांशी बोलून, मोंढ्यातल्या चार लोकांना घेऊन आम्ही दवाखान्याला पेशंट उचलायचं यंत्र घेऊन दिलं. झोळीत माणूस बसवायचा आणि हापसून वर घ्यायचा. हमालांनी मागे-पुढे न बघता वर्गणी दिली. मावशींना दाखवायला नेलं. त्या यंत्राकडं न बघता खाटांकडं बघत म्हणाल्या, “ह्याचे पाय खाटेखाली जायाला पायजेत, आन् मागं फिरायला जागा पायजे. दोन खाटांच्या मधी तर बाई बी आडवी जाती.”

डॉक्टरांनी वॉर्डातली एक खाट काढली. एका खाटेचं उत्पन्न दर महिन्याला बुडतं, ते त्यांनी सोसलं. मावशींची फेड जी काही झाली ती मी त्या रिकाम्या केलेल्या जागेत मोजतो, यंत्राच्या किमतीत नाही. त्यांची कंबर त्यानं सुधारणार नव्हती. त्यांच्या जागी आलेल्या मुलींची टिकेल.

त्या दिवशी एका मुलीनं म्हाताऱ्याला झोळीत घेतलं आणि दांडा हापसायला सुरुवात केली. म्हातारा हवेत हेलकावला, त्यानं घाबरून बाजूची सळई गच्च धरली. मावशी चौकटीला टेकून उभ्या होत्या. “पोरी, यंत्र आलं मनून मोजायचं इसरू नको,” त्या म्हणाल्या, आणि म्हाताऱ्याला त्याचं गाव विचारलं.