आज कुणाचं चांगलं पाहिलंस?

अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढच्या शिक्षणासाठी वडिलांनी मला जालन्याला आत्याकडे ठेवलं. माझ्या मनाला जे काही बरं वळण लागलं असेल, ते त्या घरात लागलं. आईवडिलांचं ऋण सगळेच मानतात. माझ्यावर त्यांच्याइतकंच आत्याचं आहे, आणि तिच्या हयातीत ते मी नीट बोलून दाखवलं नव्हतं.

आत्या नर्स होती. ड्यूटीवरून आली की अंगणातल्या रांजणापाशी कोपरापर्यंत हात धुवायची आणि उंबऱ्याबाहेर थोडा वेळ डोळे मिटून उभी राहायची. वॉर्डात कुणी तोंडाला येईल ते बोललेलं असायचं, कधी एखादं लेकरू हातातच गेलेलं असायचं. ते सगळं प्रभूच्या हवाली केल्यावरच ती घरात पाऊल टाकायची. आल्या आल्या तिच्या तोंडून तक्रार निघाली, असं मला आठवत नाही. रोग्यांच्या घरच्या भानगडी तिला ठाऊक असत. पण आमच्या स्वयंपाकघरात त्यातली एकही कधी आली नाही.

रात्री भाकरी थापून झाल्या की कौटुंबिक प्रार्थना व्हायची. ‘उपासना संगीत’मधलं एखादं गीत, बहुतेक वेळा ना. वा. टिळकांचं, मग थोडं शास्त्रवाचन. मग ताटं वाढायच्या आधी आत्या प्रत्येकाला विचारायची, “आज कुणाचं चांगलं पाहिलंस?” स्वतःचं सांगायचं नाही, घरातल्यांचं सांगायचं नाही आणि ऐकीव तर मुळीच चालायचं नाही. डोळ्यांनी पाहिलेलंच हवं. उत्तर नसलं तरी ती रागवायची नाही. “उद्या बघ लेकरा,” एवढंच म्हणायची आणि भाकरी वाढायची.

या प्रश्नाची जादू रात्री नसायची, ती दिवसा चालायची. रात्री काहीतरी सांगायचंय म्हणून शाळेला जाता-येता माझे डोळे माणसांकडे लागू लागले. गांधी चमनजवळ मोसंबीची गाडी लावणारा एक बाप्या होता. बसची वाट पाहणाऱ्या एका लेकुरवाळीवर सावली यावी म्हणून त्यानं आपली गाडी सरकवली आणि स्वतः उन्हात उभा राहिला. हे मी पाहिलं ते केवळ रात्रीच्या त्या प्रश्नापायी. वर्गातल्या एका मुलीशी माझं वाकडं होतं. तेव्हा आत्यानं आठवडाभर मला तिच्याबद्दलच विचारलं. पहिले काही दिवस मी गप्प. मग एकदा सांगावंच लागलं, की तिनं आपला डबा एका उपाशी मुलीपुढे सरकवला होता. हे तोंडून निघालं आणि तिच्यावरचा माझा राग टिकेना.

पौलानं फिलिप्पै इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात मनन कशाचं करावं याची यादी दिलीय. ते पत्र त्यानं कैदेत लिहिलं. बेड्या घातलेला माणूस इतरांना निर्मळ गोष्टींचं चिंतन करायला सांगतो, याचं मला नेहमी नवल वाटत आलं. पण आत्याचा भर त्या यादीच्या पुढच्या वचनावर असायचा. तिथं पौल म्हणतो की माझ्याकडून शिकलात, ऐकलंत आणि माझ्या ठायी पाहिलंत, ते आचरणात आणा. शिकणं आणि ऐकणं उपदेशकाकडून होतं, पाहणं मात्र शेजारच्या माणसाकडूनच होतं, असं ती म्हणायची. मला ते पटतं. मी उपदेश पुष्कळ ऐकले, चांगलेही ऐकले. पण माझ्या हातून जे थोडंफार घडलं ते कुणाला तरी तसं वागताना पाहिल्यामुळे घडलं.

आत्याचं आजोळ बेथेलचं. जालन्याजवळची ही ख्रिस्ती वस्ती रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसवली. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण तरुण पुढे स्कॉटिश मिशनचा पाळक झाला आणि जालन्याकडे आला. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर बेथेल उभं राहिलं. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना तिथं हक्काचं घर, शाळा आणि उपासनेची जागा मिळाली. 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत शेषाद्री डोक्याला पागोटं बांधून बोलायला उभे राहिले होते. 1891 साली ते वारले.

आत्या ही कथा सांगायची, पण तिचा शेवट दुसरीकडेच न्यायची. शेषाद्रींचा धाकटा भाऊ श्रीपत लहान असतानाच मिशनच्या घरात राहायला आला होता. कोर्टानं त्याला आईवडिलांच्या स्वाधीन केलं. तिथं राहिलेल्या या पोराला परत जातीत घ्यायचं की नाही, यावर मुंबईत मोठं वादळ उठलं. सनातनी मंडळी अडून बसली. बाळशास्त्री जांभेकर मात्र त्याला घ्यावं म्हणून उभे राहिले आणि स्वकीयांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. एवढं सांगून आत्या आम्हांला विचारायची, “यात तुम्हांला चांगलं कोण दिसलं?” आम्ही एका सुरात शेषाद्रींचं नाव घ्यायचो. “आन् जांभेकर?” ती म्हणायची. “ते आपल्या बाजूचे नव्हते. तरी लेकरापायी उभे राहिले ना?” दर्पणकार म्हणून ज्यांचं नाव शाळेत पाठ केलं होतं, ते मला खरे कळले ते आत्याच्या चुलीपाशी.

शेजारी एक निवृत्त गुरुजी राहायचे. मूळचे घनसावंगीकडचे. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब त्याच तालुक्यात, याचा त्यांना फार अभिमान. पहाटे ते मनाचे श्लोक म्हणत, पुष्कळदा सगळेच्या सगळे 205. आत्या अंगणात सडा घालता घालता ऐकायची. “गुरुजी, तुमचे समर्थही मनालाच समजावतात अन् आमचा पौलही,” ती म्हणायची. “पण मन ऐकत नाही, बाई,” गुरुजी म्हणायचे. “म्हणून तर रोज म्हणायचं,” असं त्यावर तिचं उत्तर. नाताळात आमच्याकडची करंजी त्यांच्याकडे जायची, दिवाळीत त्यांची आमच्याकडे यायची. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला आपल्याकडे ओढलं नाही आणि आपलं सोडलंही नाही.

आत्या गरीब गाय होती असं मात्र कुणी समजू नये. 2013 चा उन्हाळा जालनेकर विसरणार नाहीत. त्या दुष्काळात वर्षानुवर्षं जपलेल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, लोकांनी त्या मुळासकट काढल्या. गल्लीत टँकर आला की पाइप टाकायला झुंबड उडायची. एके दिवशी गल्लीतल्या एका बाईनं आत्याचा हंडा पायानं सरकवून आपला ड्रम पुढं लावला आणि तिच्या धर्मावरून बोलू नये ते बोलली. सत्तरी ओलांडलेली आत्या जागची हलली नाही. “बाई, नंबर माझा आहे. हे बरोबर नाही,” असं तिनं सगळ्यांसमोर, आवाज न चढवता सांगितलं. पौलाच्या यादीत सत्य पहिलं येतं, आणि आत्याच्या वागण्यातही ते पहिलं होतं. बाईनं ऐकलं नाही. ड्रम भरून ती गेली आणि आमच्या हंड्यात तळाचं गढूळ पाणी आलं.

तोवर माझी मुलं आत्याच्या पंगतीला बसू लागली होती. त्या रात्री थोरल्यानं उलटा तिलाच प्रश्न केला, “आजी, तू आज कुणाचं पाहिलंस?” आत्या म्हणाली, “त्या ड्रमवाल्या बाईचं. मी तिच्या दारावरून आले. तिची सासू अंथरुणाला खिळलीय. तिनं आधी सासूला उठवून बसवलं, पाणी पाजलं, तोंड पुसलं. मग स्वतः प्याली.” दुसऱ्या दिवशी टँकरचा भोंगा वाजला तेव्हा आत्यानं मला त्या बाईच्या दारी पाठवलं, रांगेत तुझा नंबर धरून ठेवते असा निरोप देऊन. बाई आली, काही बोलली नाही. पण त्यानंतर तिचा ड्रम तिच्या नंबरावरच असायचा.

आत्या 2016 साली प्रभूकडे गेली. आता मी शिकवते त्या वर्गात शनिवारच्या शेवटच्या तासाला तिचा प्रश्न विचारते. मुलं सगळ्या जातिधर्मांची आहेत आणि सांगण्यासारखं पुष्कळ असतं त्यांच्यापाशी.

मंडळीच्या दप्तरात बाप्तिस्मे, लग्नं आणि मयतीच्या नोंदी जपून ठेवलेल्या असतात. कुणाच्या वागण्यानं कुणाचं आयुष्य वळलं, याला त्यात रकाना नाही. जालना, अंबड, बेथेल आणि आसपासच्या मंडळ्यांतल्या माझ्या भावाबहिणींना एवढीच विनंती आहे: तुमच्या घरातल्या, गल्लीतल्या, दवाखान्यातल्या अशा बायामाणसांविषयी चार ओळी तरी लिहून ठेवा. जे अजून हयात आहेत त्यांना त्या वाचूनही दाखवा.