वेताळाला उत्तर द्या

मैत्रिणींनो, मुलं भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगू लागली की आपल्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं बाहेर पडतं? "तिन्हीसांजेला हे काय अभद्र बोलणं!" त्यातून मुलीच्या वहीत रक्त पिणारा ड्रॅक्युला सापडला, तर विचारूच नका. वही कपाटावर जाते आणि आपला शुभंकरोतीचा आवाज चढतो.

पण हा पाहुणा तसा अगदीच परका नाही हं. ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ साली निघाली. त्याआधी १८७० मध्येच रिचर्ड बर्टन या इंग्रजाने विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि आपल्या वेताळाला चक्क 'व्हॅम्पायर' करून टाकलं! पुढे नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या कादंबरीवरून 'लुचाई' लिहिली आणि विलायती रक्तपिशाच मराठी घरांत शिरलं. धारपांचं पुस्तक वाचनालयातून आणून, रात्री दिवा न मालवता वाचणाऱ्या आपल्यातही पुष्कळ निघतील.

विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ मात्र रक्ताऐवजी उत्तर मागतो. ठाऊक असून राजा गप्प बसला, तर त्याच्याच डोक्याची शकलं व्हायची. मला वाटतं, भीतीचंही तसंच आहे. गप्प बसून ती कमी होत नाही.

इथे आंबिवलीत मी रोज थोडे तास शाळेत शिकवते. एकदा सातवीच्या वर्गाला मनाने गोष्ट रचायला सांगितली. एका मुलीने रक्तपिशाचाची लिहिली. ते दार वाजवतं, आईचा आवाज काढतं, पण आतल्या माणसाने 'ये' म्हटल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. हा नियम स्टोकरच्या कादंबरीतही आहे. गोष्टीतली मुलगी कडीवर हात दाबून बसून राहते. भाषा छान, शुद्धलेखनही बरं, पण माझं मन त्या कडीपाशीच अडकलं. मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून एवढंच विचारलं, "ती मुलगी घरात एकटीच का गं होती?"

उत्तर आलं ते गोष्टीतल्या मुलीचं नव्हतं. आई मुंबईला नोकरीला. टिटवाळ्याची गाडी चुकली की घरी यायला नऊ. वडील रात्रपाळीला. संध्याकाळी कुणी दार वाजवलं की पोर जागच्या जागी थिजायची. आई दमून येते, तिला कशाला सांगायचं, असं तिचं तिनेच ठरवलेलं!

आईला बोलावून घेतलं. ती मुलीवर रागावली नाही. "बाई, मला वाटायचं, अभ्यास करत बसते," एवढंच म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या दिवसापासून पोर दप्तर घेऊन शेजारच्या काकूंकडे बसू लागली. गोष्टी काही तिने सोडल्या नाहीत. हल्लीचं तिचं पिशाच काकूंच्या लसणीच्या फोडणीने पळतं!

'ड्रॅक्युला'मधली मीना लग्नाआधी शिक्षिका असते. सगळ्यांच्या डायऱ्या आणि पत्रं जमवून ती टाइप करते. प्रत्येकाने एकेकट्याने पाहिलेलं असं एका जागी आलं, तेव्हा कुठे त्यांना शत्रूशी लढायची दिशा सापडते.

तेव्हा वही कपाटावर टाकण्याआधी, भाजी निवडता निवडता का होईना, गोष्ट पुरती ऐकून घ्या. घरात कोण कोण होतं? पिशाच कुठून आलं? मग त्या मुलीने काय केलं? एवढं विचारा. बहुतेक वेळा निव्वळ गंमतच असेल. हसा आणि सोडून द्या. लहानग्यांना निजताना मात्र पिशाचाची हार झाल्याशिवाय गोष्ट संपवू देऊ नका. आणि एखादं उत्तर गोष्टीतलं वाटलं नाही, तर हातातलं काम बाजूला ठेवा.