राघू आणि बाजीराव

पोपट पाळणे म्हणजे पोपटास बोलावयास शिकविणे, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. परंतु ज्या घरात हा पक्षी वर्षानुवर्षे नांदला असेल त्या घरास पक्के ठाऊक असते की बोलणे हा त्या सहवासातील अगदी किरकोळ भाग होय, आणि खरा प्रपंच चालतो तो ओरडणे, चावणे, कुरतडणे आणि रुसणे या चार खात्यांत. वाईस आमच्या घरी ओसरीवर दोन पिंजरे शेजारीशेजारी टांगलेले असत. वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून असल्यामुळे तालुक्याचा कारभार काही अंशी त्यांच्याकडे होता. पोपटांचा बंदोबस्त मात्र सर्वस्वी आजीच्या अखत्यारीत असून तीत वडिलांचीही ढवळाढवळ चालत नसे.

राघू वयाने वडील. गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ असलेला, डौलदार आणि स्वभावाने काहीसा दरबारी. बाजीराव मागाहून आला. आठवड्याच्या बाजारात पिल्लू विकणाऱ्याने, हा नर आहे, तिसऱ्या वर्षी कंठ फुटेल, अशी शपथेवर हमी दिली होती, आणि त्या हमीवर विसंबून ते भारदस्त नाव त्यास बहाल करण्यात आले होते.

पोपट ओरडतो तेव्हा घरातील मंडळी त्याच्यावर ओरडतात, आणि येथेच बहुतेकांचा डाव फसतो. पहाटे आणि दिवेलागणीस रानातले थवे एकमेकांस साद घालीत जातात; कृष्णाकाठच्या पिंपळांवर ते उतरू लागले की आमच्या ओसरीवरूनही त्यांना प्रत्युत्तर जाई, आणि तेवढ्या कोलाहलास आजीची पूर्ण मुभा असे. परंतु भर दुपारी, केवळ कोणी तरी यावे म्हणून जो कर्कश आक्रोश चाले, त्या वेळी पिंजऱ्याकडे कोणी मान वळवूनही पाहावयाचे नाही, अशी तिची सक्त ताकीद होती. काकूस हे पाळणे जड जाई. माजघरातून ती "मेल्या, गप्प बस की!" म्हणून गर्जना करी, आणि राघूच्या दृष्टीने ती शिक्षा नसून साग्रसंगीत उत्तर असल्यामुळे तो दुप्पट जोराने ओरडे, आणि शेवटी तो "मेल्या" हा शब्दही शिकला. उलट त्याने हळू शीळ घातली की आजी हातातले काम टाकून शीळ घाली आणि पेरूची फोड देई. काही दिवसांनी राघूने आपल्या मनाशी हिशेब जुळविला, आणि दुपारची शीळ हा घराचा शिरस्ता होऊन बसला.

चावण्याविषयी आजीचे म्हणणे असे की पोपट कधीही न सांगता चावत नाही, माणूसच त्याची नोटीस वाचीत नाही. बाहुलीभोवतीचे वर्तुळ भराभर आकुंचित आणि विस्तृत होऊ लागले, मानेवरची पिसे उभी राहिली, की हात पुढे करावयाचा नाही. पुढे केलाच तर झटकन मागे घ्यावयाचा नाही, कारण चोच उगारली की हात पळतो हे त्याला एकदा कळले म्हणजे पुढे तो तेच करीत राहतो. कुरतडणे तर त्याला जन्मजातच. पोपटाची वरची चोच कवटीशी सांध्याने जोडलेली असल्यामुळे स्वतंत्र हलते, आणि ती आयुष्यभर वाढत असते. तिला काम न दिल्यास ती आपले काम आपण शोधते. म्हणून रोज सकाळी पेरूची किंवा कडुलिंबाची ताजी डहाळी पिंजऱ्यात जाई. हिरव्या मिरच्या दोघेही मिटक्या मारीत खात. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांस जाणवतच नाही. आम्हा मुलांची त्या काळी मात्र अशी दृढ श्रद्धा होती की मिरचीनेच त्यांची वाणी तिखट झाली आहे.

राघू खाणे नेहमी डाव्या पायात धरी. दोन बोटे पुढे, दोन मागे, अशा त्या पायात डाळिंबाचा एकच दाणा धरून, त्याची पातळ साल सोलून, रस चाखून, उरलेला भाग तो खाली टाकी, आणि पुन्हा मान तिरपी करून पुढच्या दाण्याची मागणी करी. बाणभट्टाच्या 'कादंबरी'तील वैशंपायन शुक शूद्रक राजापुढे उजवा पाय उचलून आर्या म्हणतो. पुष्कळ जातींचे पोपट डावखुरे असतात असे पक्षिशास्त्रज्ञ सांगतात. तेव्हा वैशंपायनानेही डावा पाय खाण्यासाठी राखून उजव्याने राजास मान दिला असावा, असा माझा तर्क आहे.

बाजीरावास मात्र तिसरे वर्ष लोटले तरी कंठ फुटेना. राघूस गजांतून चोचीने ढकलून पेरूचा उत्तम भाग बळकावणे, आणि राघूने मुकाट्याने बाजूस सरणे, हा प्रकार आम्ही शौर्य समजत होतो. वस्तुतः या जातीत मादीचाच वरचष्मा असतो. एका फाल्गुनात राघू पिंजऱ्याच्या गजांतून मान लववून, घशातील अन्न वर काढून तिला भरवू लागला, आणि थोड्याच दिवसांत बाजीरावाच्या पिंजऱ्यात एक पांढरे अंडे आढळले. ते निर्जीव असणार हे उघड होते, तरी बाजीराव स्वतः उठेपर्यंत त्यास कोणी हात लावू नये, असा आजीने हुकूम काढला. नाव बदलण्याची आमची तजवीज तिने एका वाक्यात फेटाळली: "नाव तिला कळतं, अर्थ तुम्हालाच कळतो."

आता वन्यजीव संरक्षणाच्या 1972च्या कायद्यान्वये देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. थव्याने राहणाऱ्या पाखरास साऱ्या घराचा थवा करावा लागतो, आणि हे पिंजरा विकत घेताना कोणी सांगत नाही.

बोलण्याचे राहिले. आजीने राघूस रामनाम शिकविण्यासाठी पराकाष्ठा केली, ती सारी व्यर्थ गेली. पण वडील घरी आल्यावरही अर्जदार ओसरीपर्यंत येत, आणि वडील त्रासून तारस्वरात "उद्या या!" म्हणत. जे आवेशाने उच्चारले जाते तेच पोपट उचलतो, आणि राघूने हे दोन शब्द वडिलांच्या हुबेहूब आवाजात उचलले. पुढे वडील निवृत्त झाले, अर्जदार येईनासे झाले, राघूचा अंमल मात्र चालूच राहिला. मुंबईहून दादाची मनिऑर्डर घेऊन एकदा नवा पोस्टमन आला. "उद्या या!" असे आतून फर्मान सुटताच तो बापडा मनिऑर्डरीचा फॉर्म पिशवीत घालून परत गेला, आणि दुसरा दिवस रविवार होता. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वडील टोपी घालून सकाळपासून पायरीवर बसू लागले.