निवडणुकीत पडल्यावर

सभा गाजवणं आणि पाच वर्षं फायली वाचणं ही दोन निराळी कामं. मत देताना आपण फक्त पहिल्याची परीक्षा घेतो.

*

सांगोल्याचे गणपतराव देशमुख. अकरा वेळा आमदार, 1962 पासून कायम शेतकरी कामगार पक्षाचेच. त्यांची गोष्ट निघाली की लोक हमखास एसटीच्या प्रवासाचं सांगतात. मला त्यांची पडलेली वर्षं जास्त मोलाची वाटतात. 1972 ला पडले, 1995 ला पुन्हा पडले. पक्ष राज्यभर आक्रसत चालला होता, सत्तेतल्यांकडे जायच्या वाटा उघड्या होत्या. गेले नाहीत. दुष्काळी भागाच्या पाण्यासाठी लढणाऱ्या आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीनं ते उभे राहिले, आमदारकी असतानाही आणि नसतानाही. उमेदवार कसा आहे हे पाहायचं तर तो हरल्यावर कुठे होता, हे आधी विचारावं.

*

साधेपणाचंही प्रदर्शन मांडता येतं. चप्पल झिजलेली आहे म्हणून कुणाला मत देऊ नये.

*

मधू दंडवते 1977 ला रेल्वेमंत्री झाले. तेव्हा दुसऱ्या वर्गात लाकडी फळ्यांवर रात्र काढावी लागे. त्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच फोम घातला. 1974 च्या रेल्वे संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना परत कामावर घेतलं. पहिल्या वर्गातून फिरणाऱ्यांना यातलं काहीच जाणवलं नसेल. सत्ता हातात आल्यावर माणसाला आधी कोणाची पाठ आठवते, यात त्याचं सगळं चारित्र्य येतं.

आणि याच दंडवत्यांना 1991 ला राजापूरनं पाडलं. 1971 पासून सलग निवडून दिलेला माणूस! कारणं सांगता येतात, लाट होती, समीकरणं बदलली होती. तरीही मला ते आजवर पचलेलं नाही.

*

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भक्तीबद्दल बजावलं होतं. धर्मात भक्तीनं मुक्ती मिळत असेल, राजकारणात ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. हे सांगणाऱ्या माणसाला पुढे 1952 ला मुंबईत आणि 1954 ला भंडाऱ्यात मतदारांनी लोकसभेत पाठवलं नाही.

*

नुसता सज्जन पुरत नाही. ज्याला अर्थसंकल्प वाचता येत नाही, अधिकाऱ्याला अडवता येत नाही, त्याचा प्रामाणिकपणा दुसरेच वापरून घेतात. पण काम शिकता येतं. पन्नाशीत नियत बदललेली मी तरी पाहिलेली नाही.

*

उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. नमुना 26. गुन्हे, कर्ज, जमीन, दागिने, सरकारी थकबाकी, जोडीदाराची मालमत्ता, सगळं त्यात लिहावं लागतं. विद्यमान आमदाराचं असेल तर गेल्या वेळचंही काढावं आणि दोन्ही शेजारी ठेवावीत. जमिनीचे गट क्रमांक बघावेत. नव्यानं घेतलेली जमीन होऊ घातलेल्या रस्त्याला लागून आहे का, हे गावातल्या माणसाला नकाशाशिवाय कळतं.