अस्तर

मिरजेत आमच्या अब्बांचं टेलरिंगचं छोटं दुकान होतं. कापणं आणि मशीनवर शिवणं अब्बांचं. अस्तर लावणं, काजं करणं, तुरपाई ही कामं अम्मीची. घरातलं सगळं उरकलं की रात्री ती सुई-दोरा घेऊन बसायची. जुनी शेरवानी दुरुस्तीला आली की अब्बा आधी ती उलटी करून बघायचे. वरचं कापड कितीही चकचकीत असो, अस्तर विरलेलं दिसलं की म्हणायचे, "ये गई."

अम्मीच्या बाबतीत मात्र आम्ही सगळे वरचं कापडच बघत राहिलो.

चाळिशीतच तिला शुगर निघाली. मागोमाग ब्लडप्रेशर. आधी गोळ्या, मग इन्सुलिन. आमच्या मोहल्ल्यात शुगर म्हणजे काही मोठी बातमी नव्हे, घरटी एकाला तरी आहेच. महिन्या-दोन महिन्यांनी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायचं, आकडा बघायचा, कमी असला की खूश व्हायचं. डॉक्टर अधूनमधून लघवीची तपासणीही लिहून द्यायचे. पण लघवीची बाटली लॅबमधल्या पोराच्या हातात कशी द्यायची, याचीच अम्मीला शरम. "अगली बार देखेंगे," असं म्हणून ती टाळायची. आम्हीही कधी आग्रह केला नाही.

2012 च्या उन्हाळ्यात घरात जणू चमत्कारच झाला. अम्मीची शुगर उतरू लागली. इन्सुलिन तीस युनिटवरून बारावर आलं. कधी पहाटे तिला दरदरून घाम यायचा, हात थरथरायचे. चमचाभर साखर दिली की बरं वाटायचं. खालांनी श्रेय कलौंजीला दिलं, शेजारच्या भाभींनी मेथीच्या पाण्याला. अम्मीनं मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन शिरणी वाटली. त्या वर्षी तिनं रमजानचे सगळे रोजे धरले. गुडघे दुखायचे म्हणून मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही चालूच होत्या. ईदला तिनं कितीतरी वर्षांनी वाटीभर शीरखुर्मा खाल्ला. "और लो ना अम्मी," म्हणत मीच तिच्या वाटीत आणखी एक पळी वाढली.

बकरी ईद झाली आणि तिच्या पायांवर सूज आली. चप्पल चढेना. चार पायऱ्या चढली तरी धाप लागू लागली. मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. क्रिएटिनिन 5.8 निघालं. साधारण एकच्या आसपास असायला हवं ते. डॉक्टरांनी विचारलं, "इन्सुलिन कधीपासून कमी करावं लागलं?" मी उत्साहानं सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अंगातलं इन्सुलिन काम झालं की नाहीसं व्हावं लागतं. त्या कामात किडनीचा मोठा वाटा असतो. किडनी थकली की इन्सुलिन रक्तात रेंगाळत राहतं आणि शुगर उतरते. आईंची शुगर बरी झाली नव्हती. किडनी जात होती."

ज्या गोष्टीसाठी आम्ही शिरणी वाटली, ती वाईट खबर होती.

त्यानंतर मी जमेल तिथून वाचू लागलो, डॉक्टरांना विचारू लागलो. किडनी म्हणजे लघवी करणारी पिशवी, इतकंच मला ठाऊक होतं. खरं तर ती रक्तवाहिन्यांचीच बनलेली असते. एका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या आणि प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा तिथं जातो. दिवसभरात दोन्ही किडन्या मिळून 180 लिटरच्या आसपास पाणी गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात.

अंगातल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकाच थराचं अस्तर असतं. 'अस्तर' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकला तेव्हा मी दचकलो. हे अस्तर नायट्रिक ऑक्साईड नावाचा वायू तयार करतं. त्यामुळे रक्तवाहिनी सैल पडते, गरजेप्रमाणे रुंद होते. या शोधासाठी 1998 साली तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. वर्षानुवर्षं शुगर आणि ब्लडप्रेशर वाढलेलं राहिलं की अस्तर खराब होतं. वाहिन्या सैल पडायच्या विसरतात. किडनीची गाळणी झिरपू लागते आणि अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीतून जाऊ लागतं. ही पहिली खूण. तेव्हा काही दुखत नाही, सूज नसते, क्रिएटिनिनही ठीकच असतं. ते वाढू लागतं तोवर किडनीचं निम्मं काम बहुधा गेलेलं असतं. अम्मी शरमेनं जी बाटली टाळत होती, तिच्यातच ही खूण होती.

2013 मध्ये अम्मीचं डायलिसिस सुरू झालं. त्याआधी डाव्या हाताची धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केला. त्या हातातल्या बांगड्या कायमच्या निघाल्या. फिस्टुलावर बोट ठेवलं की आत थरथर जाणवायची. माझी धाकटी मुलगी तिथं कान लावून म्हणायची, "दादीके हात में मशीन है." आठवड्यातून दोनदा चार-चार तास. सरकारी योजनेत बसलं म्हणून निभावलं.

त्या वर्षीचा रमजान तिला फार जड गेला. सूरह बकरामध्ये आजाऱ्याला रोजातून सूट आहे आणि ज्याला पुढंही धरता येणार नाहीत त्यानं फिदिया द्यावा, हे आमच्या मौलानांनी घरी येऊन समजावलं. तिला ते पटलंही. तरी दुपारची गोळी ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची, कुणी बघू नये म्हणून. फिदियाचे पैसे तिनं अब्बांकडून घेतले नाहीत. काजं-तुरपाई करून साठवले होते, त्यातून दिले. इफ्तारच्या दस्तरखानावर खजूर यायचा. खजुरात पोटॅशियम भरपूर, किडनी गेलेल्याला ते हृदयावर बेतू शकतं. एक खजूर हातात घेऊन दुआ मागायची आणि तो नातीच्या तोंडात भरवायची.

किडनी गेली की ती रक्तवाहिन्यांवर उलटते. रक्तात फॉस्फरस साचतो आणि धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम बसू लागतं. एकदा अम्मी पडली म्हणून हाताचा एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, पण शेजारून धमनी हाडासारखीच पांढरी दिसत होती. किडनीच्या आजारात कितीतरी माणसं किडनीनं नव्हे, हृदयानं जातात. डायलिसिसची वेळ येण्याआधीच जाणारेही पुष्कळ. अम्मी 2015 च्या थंडीत, फजरच्या वेळी, हृदय बंद पडून गेली.

माझ्या शेहेचाळिसाव्या वर्षी मलाही शुगर निघाली. दुसऱ्याच दिवशी मी स्वतः बाटली घेऊन लॅबमध्ये गेलो. अल्ब्युमिन निघालं, थोडं पण निघालं. भीती वाटली आणि बरंही वाटलं, कारण क्रिएटिनिन अजून जागेवर होतं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या ही गळती कमी करतात. शिवाय मुळात शुगरसाठी निघालेल्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या किडनीचं झिजणं धीमं करतात, हे 2019 आणि 2020 मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचण्यांत दिसलं. डापाग्लिफ्लोझिन आता स्वस्तही झाली आहे. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं जास्त दिवस टिकतं. शुगरच्या या गोळ्या अम्मीच्या वेळी नव्हत्या. पण अल्ब्युमिनची तपासणी होती. तेवढ्यानंही तिला काही वर्षं मिळाली असती, असं मला वाटत राहतं.

आता ओळखीत कुणी म्हणालं, "शुगर आपोआप उतरली," की मी त्याला मुबारकबाद देत नाही. आधी विचारतो, लघवी आणि क्रिएटिनिन तपासलं का? लोकांना राग येतो. येऊ दे.

माझ्या बायकोलाही दोन वर्षांपासून ब्लडप्रेशर आहे. परवा तिला तपासणीचं म्हटलं, तर तीही म्हणाली, "अगली बार." मी काहीच बोललो नाही. सकाळी बाटली तिच्या हातात दिली आणि लॅबमध्ये द्यायला मी स्वतः घेऊन गेलो.