वुडवर्डवरच्या जुन्या मोटारी

मोटारींच्या शास्त्रातले मला ओ की ठो कळत नाही. वडिलांची जुनी बजाज स्कूटर चालू होईनाशी झाली, की तिला एका अंगावर आडवी करायची आणि पुन्हा किक मारायची, एवढेच काय ते माझे यंत्रज्ञान. असा माणूस २०२३ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटला जातो आणि तेथे चार दिवस जुन्या मोटारींखेरीज दुसरे काही पाहत नाही, याचा दोष त्याच्या मावसभावाकडे जातो.

हा मावसभाऊ म्हणजे आमचा दादा. १९८९ साली शिकायला म्हणून मिशिगनला गेला, आणि मोटारींच्याच धंद्यात इंजिनियर होऊन तेथे राहिला. आता निवृत्तीला आला आहे. मी पोचलो त्याच रात्री पाने वाढता वाढता वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, बरे झाले आलात. यांना जुनी मोटार घ्यायचे वेड लागले आहे. तुम्ही तरी चार शब्द सांगा.”

दादा नुसता हसला. “चार शब्द सोमवारी सांग,” तो म्हणाला. “शनिवारी आधी रस्ता बघ.”

रस्ता म्हणजे वुडवर्ड अॅव्हेन्यू. डेट्रॉइटच्या नदीपासून निघून पॉन्टिॲक गावापर्यंत सुमारे २७ मैल जाणारा हा रस्ता दिसायला अगदी साधा आहे: दुकाने, बँका, पेट्रोलपंप, मध्ये गवताचा पट्टा. पण अमेरिकेतला काँक्रीटचा पहिला मैलभर रस्ता १९०९ साली येथेच झाला, आणि १९१३ साली हेन्री फोर्डने मोटारींची सरकती जुळणी सुरू केली तो हायलंड पार्कचा कारखानाही याच रस्त्यावर. साठ सालानंतर येथे निराळाच खेळ चाले. रात्री तरुण मंडळी मोटारी घेऊन येत, सिग्नलला शेजारच्या गाडीकडे तिरपे बघत, आणि दिवा हिरवा झाला की पुढच्या सिग्नलपर्यंत शर्यत! कंपन्यांचे इंजिनियरही आपापल्या नव्या गाड्यांची रग येथेच अजमावून बघत, असे दादाचे वरिष्ठ त्याला सांगत.

आता ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी त्याच गाड्यांची येथे जत्रा भरते. १९९५ साली फर्नडेल गावात फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे जमवायला म्हणून ती सुरू झाली. आम्ही सकाळी घडीच्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या आणि वहिनींनी केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन पदपथावर बैठक मारली. समोरून मस्टँग, कॅमारो, चार्जर, रोडरनर अशा मोटारींची दिंडी चाललेली. वेग बैलगाडीचा, आवाज मात्र पोटात घुमणारा. डॉज आणि प्लिमथ ही नावे आपल्याला अगदीच परकी नाहीत. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात, कुर्ल्याला, १९४७ पासून त्या जुळवल्या जात. पण त्या शेटजींच्या संथ मोटारी. वुडवर्डवरच्या त्यांच्या धाकट्या भावंडांनी तालमीची वाट धरली. अमेरिकेत त्यांना मसल कार म्हणतात. मी मनाशी ‘पैलवान’ म्हटले.

या पैलवानांच्या जन्माची कथा दादाने तेथेच सांगितली. जनरल मोटर्सचा नियम असा होता, की मधल्या आकाराच्या मोटारीला ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही. तिच्याच घरातल्या पॉन्टिॲक शाखेत जॉन डिलोरियन हा मुख्य इंजिनियर. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी १९६४ च्या ल मान्स या सभ्य मोटारीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सहा लिटरांहूनही मोठे, इंजिन बसवले. आणि हे नवे मॉडेल नव्हेच, गिऱ्हाइकाने मागितले तर द्यायचे जादा सामान आहे, अशी पळवाट काढली. सामानाची किंमत सुमारे २९६ डॉलर. नाव जी.टी.ओ., तेही फेरारीकडून उचललेले. पहिल्या वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. मग नियमाची आठवण कोण काढतो?

हा आखाडा दहा वर्षे चालला. १९७० चा हवेच्या शुद्धीचा कायदा, विम्याचे चढते हप्ते आणि १९७३ ची तेलबंदी यांनी पैलवानांची खुराक तोडली. १९७४ मध्ये जुनी जी.टी.ओ. संपली. पॉन्टिॲक हे नावही २०१० मध्ये बाजारातून गेले.

सोमवारी आम्ही तिघे दुकानात गेलो. दुकान कसले, कापडगिरणीच्या गोदामाएवढी शेड. आत साठ-सत्तर मोटारी आरशासारख्या चकचकीत उभ्या, प्रत्येकीच्या काचेमागे माहितीचा कागद. विकणारे गृहस्थ सत्तरीचे, बोलायला गोड. त्यांनी एका लाल जी.टी.ओ.चे झाकण उघडले आणि म्हणाले, हिचे आकडे जुळतात. म्हणजे काय, ते दादाने समजावले. इंजिनच्या लोखंडावर ठोकलेले आकडे, गिअरपेटीवरचे आकडे आणि गाडीच्या पट्टीवरचे आकडे एकमेकांशी मेळ खात असतील, तर गाडीत मूळचेच इंजिन आहे. काही कंपन्यांच्या गाड्यांत तर कारखान्यातला जुळणीचा कागद सीटच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला सापडतो आणि गाडीची किंमत चढते.

येथे मात्र माझे कान टवकारले. अहो, ही तर पाठचिकित्सा! नाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला. येथे इंजिनचे पाठ ताडत होते. प्रक्षेपसुद्धा ओळखतात. खिशातून लोहचुंबक काढून पत्र्यावर फिरवतात. जेथे तो धरत नाही तेथे पत्रा नसून पुट्टी आहे. वर्गात इतका सोपा लोहचुंबक मला मिळाला असता तर!

शेजारी एक निळी शेव्हरोले होती. बाहेरून १९६९ ची, आतून आजची: कार्ब्युरेटर जाऊन इंधनाची नवी यंत्रणा, पुढे डिस्क ब्रेक, सहा गिअर, वातानुकूलन. शुद्धतावादी अशा गाडीला नाक मुरडतात. मला ती प्रामाणिक वाटली. ती आपण मूळची आहोत असे म्हणत नव्हती. शिवाय फेरफार हा काही आजचा अनाचार नव्हे. वुडवर्डलगतच्या रॉयल ओक गावात रॉयल पॉन्टिॲक नावाची पेढी होती. ती साठच्या दशकात कोऱ्या जी.टी.ओ.वरच आणखी हात फिरवून ‘बॉबकॅट’ म्हणून विकत असे.

उलट एक गाडी अजिबात हात न लावता मोलाची ठरली आहे. डेट्रॉइटच्या गॉडफ्री क्वॉल्स या वाहतूक पोलिसाची १९७० ची काळी डॉज चॅलेंजर. रात्री हा हवालदार शर्यत जिंकून अंधारात नाहीसा होई, म्हणून लोक गाडीला ‘काळे भूत’ म्हणत. त्याच्यामागे मुलाने ती जपली, आणि २०२३ च्या मे महिन्यात इंडियानापोलिसच्या लिलावात ती दलालीसह दहा लाख डॉलरांवर गेली. जुना रंग, जुने छत, सारे तसेच. वडिलांची गाडी विकताना त्या मुलाला काय वाटले असेल, हा विचार मला दुकानात फिरताना सोडीना.

पण दादा यांतल्या कोणत्याच गाडीपाशी थांबत नव्हता. शेवटी त्याने विचारले, “साधी ल मान्स आहे का? १९६६ ची?”

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. विद्यार्थी असताना दादाने अशीच एक गंजकी ल मान्स नऊशे डॉलरला घेतली होती. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते पत्रा खाते. १९९२ च्या जानेवारीत नव्या नवरीला विमानतळावरून आणले ते याच गाडीतून, तेव्हा वहिनींच्या पायाखाली वीतभर भोक होते. खालून बर्फाचा चिखल उडू लागला, तेव्हा वहिनींनी सामानातून पुण्याचा पोळपाट काढून त्यावर ठेवला. दोन हिवाळे तो तेथेच होता. मुलगी व्हायच्या वेळी गाडी चारशेला विकली.

दुकानदार म्हणाले, “साधी कशाला हवी? तुम्हांला तिची जी.टी.ओ. करून देतो.” आणि हिशेब मांडला. पत्रा, रंग, मजुरी दोन्ही गाड्यांना सारखीच. पण साधी गाडी विकताना घातलेला पैसाही सुटत नाही. म्हणून साध्या गाड्या एकतर सुट्या भागांसाठी मोडतात, किंवा त्यांना जी.टी.ओ.चे कपडे चढवतात. त्या काळी बहुतेक लोक जिच्यातून कामाला गेले, मुलांना शाळेत सोडून आले, ती गाडी अशी दोन्ही बाजूंनी संपत चालली आहे. माझे चार शब्द माझ्याजवळच राहिले.

मागच्या कारखान्यात एक होती. रंग खरवडलेली, दारे उघडी, नवा तळ सांधलेला, ढकलायच्या सोयीसाठी नुसत्या सीटा ठेवलेल्या. शेजारी खोक्यात जी.टी.ओ.ची कोरी अक्षरे तयार होती. दादा गुडघे टेकून दाराच्या बिजागरीच्या खांबावरची पट्टी वाचू लागला. “दोन, तीन, सात,” तो म्हणाला. “ल मान्स. जी.टी.ओ. असती तर दोनशे बेचाळीस असते.” मग दुकानदारांकडे वळून म्हणाला, “ही अक्षरे न लावता काय घ्याल?”

गृहस्थ क्षणभर बघत राहिले आणि आकडेमोडीचे यंत्र आणायला आत गेले.

वहिनी एवढा वेळ दाराशी उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या, पदर सावरून डाव्या हाताने दार धरले आणि आत बसल्या. चपलेच्या टाचेने नव्या पत्र्यावर दोनदा ठोकून पाहिले.

“अहो,” त्या दादाला मराठीत म्हणाल्या, “किमतीचे मागून बघू. आधी हिचा हीटर चालतो का ते विचारा.”