वाऱ्याला तोंड

विमानाची भीती म्हणजे आभाळाची भीती, असा आपला समज. जुन्या लहान विमानांपुरते बोलायचे, तर निम्मी भीती जमिनीवरच असते. त्यांची शेपटी जमिनीला टेकलेली आणि नाक वर. चालकाला समोरची वाटही धड दिसत नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला उतरले, ते ‘पस मॉथ’ याच घराण्यातले. १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तीच वाट पुन्हा उडून पार केली ते ‘लेपर्ड मॉथ’ही.

भूगोलाच्या पुस्तकातला वातकुक्कुट आठवतो ना? वारा त्याची शेपटी ढकलतो आणि चोच वाऱ्याकडे वळते. धावणाऱ्या विमानाचे नेमके तेच होते. त्यात वजन पुढच्या चाकांच्या मागे. एकदा का नाक वळू लागले, की वळण वाढतच जाते. वेळीच आवरले नाही तर विमान गर्रकन फिरते आणि पंख जमिनीला घासतो. म्हणून वारा डावीकडून असेल तर हातातली दांडी डावीकडे धरायची, म्हणजे तो पंख उचलला जात नाही. आणि उजव्या पायाने सुकाणू दाबून नाक सरळ ठेवायचे. वेग वाढेल तसतसे दोन्ही थोडे थोडे सोडायचे. सारी विद्या पायांत!

पूर्वी विमानतळ म्हणजे बहुधा मोकळे मैदान. वारा येईल तिकडे तोंड करावे आणि सुटावे. डांबरी धावपट्टी आली नि वाट ठरून गेली. वारा काही ठरला नाही.

हे मी वाचून काढले ते शेजारच्या काकूंसाठी. त्यांचा मुलगा अमेरिकेत नोकरीला; रविवारी असलेच विमान शिकतो.

“मास्तर, वर गेल्यावर धोका नाही ना?” त्यांनी विचारले.

खोटा धीर देणे मला जमेना. म्हणालो, “वर जाण्याआधीच जास्त सांभाळावं लागतं, काकू. आडव्या वाऱ्याला.”

काकू मंगळवेढ्याच्या, ज्वारीच्या रानातल्या. “खळ्यावर उफणायच्या आधी बाबा चिमूटभर माती उडवून वारा बघायचे,” त्या म्हणाल्या. “हा बघतो का?”

होटगी रस्त्याच्या आपल्या विमानतळावर असते तशी कापडी पिशवी तिथेही असते, हे मी सांगितले. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या.

“दिवाळीला त्याला बूट घेतलेत. जाड तळाचे.”

“पातळ तळाचे बरे. सुकाणूचा दाब पायाला कळला पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या बुटांचे खोके घेऊन नवी पेठेत गेल्या.